भाचीला, महेंद्रगिरीच्या पत्त्यावर

चि. चिमणे,

फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून पत्र. डोंगरावरचा वारा फार सोसाट्याचा आहे म्हणालीस, तर कान बांधून बाहेर पडत जा. लहानपणापासून तुझे कान नाजूक.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा थोडा बरा आहे. शेजारीपाजारी "पोरगी इस्रोत आहे" असं सांगताना तिचा आवाज चढतो, मग दुखणं विसरते.

तू परवा सहज बोलून गेलीस, "मी तिथे सगळ्यांत लहान, मी काय बोलणार?" ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तुमच्याकडे रॉकेटची इंजिनं पेटवून पाहतात. उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन, उणे 183 चा ऑक्सिजन. तिथे लहानमोठं कोण, हे त्या टाकीला कुठे कळतं?

2013 चा ऑगस्ट आठवतो का? 19 तारखेला आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. त्याआधी 2010 मध्ये जीएसएलव्ही रॉकेटची दोन उड्डाणं फसलेली, त्यामुळे सगळ्या देशाचं लक्ष तिकडे. आणि उड्डाणाला 74 मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं. थांबवलं! तू केवढी हिरमुसली होतीस. पण त्या लोकांनी इंधन उतरवलं, रॉकेट परत जोडणीच्या इमारतीत नेलं, दुसरा टप्पा नवा बसवला. 5 जानेवारी 2014 ला तेच रॉकेट गेलं, आणि आपलं क्रायोजेनिक इंजिन पहिल्यांदा उड्डाणात यशस्वी झालं. मला विचारशील तर जानेवारीपेक्षा ऑगस्टचा तो दिवस मोठा. एवढ्या डोळ्यांसमोर "थांबा" म्हणायला छाती लागते.

आणि न दिसलेली गळती काय करते तेही तुला माहीत आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये जीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्याचं इंजिन पेटलंच नाही, उपग्रह गेला. चौकशीत निघालं काय, तर हायड्रोजनच्या टाकीचा दाब कमी पडला होता, कारण झडप गळत होती, आणि बहुधा झडपेतलं एक मऊ सील खराब झालं होतं. एवढंसं सील गं!

कारखान्यात मी वेल्डचे एक्स-रे तपासायचो. फिल्मवर केसाएवढी रेघ दिसली की ऑर्डर कितीही घाईची असो, तो जोड कापून पुन्हा करायला लावायचो. तयार जोड कापायचा म्हणजे वेल्डरच्या जिवावर यायचं. पण संध्याकाळी चहाला आम्ही एकाच बाकावर असायचो. माणसं तेवढ्यापुरती रागावतात, बाळ.

1979 साली एसएलव्ही-3 रॉकेट समुद्रात पडलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष धवन साहेबांनी पत्रकारांसमोर अपयश स्वतःवर घेतलं आणि पुढच्या वर्षी यश मिळालं तेव्हा कलामांना पुढे केलं. ही गोष्ट तू शाळेत भाषणात सांगितली होतीस. पण धवनांसारखा वरिष्ठ प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असं नाही, म्हणून मला काळजी. तेव्हा शंका आली की आधी वहीत लिही: तारीख, वेळ, आकडा, खाली सही. मग साहेबांना नम्रपणे दाखव. "सर, हे जरा बघता का?" एवढं पुरे. त्यांनी नाही ऐकलं तर पुन्हा विचार. शंका खोटी निघाली तर हसतील, हसू देत.

आणि झोप पुरी घे. जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांना मीटरवरचा काटा नीट दिसत नाही. रात्रपाळीनंतर स्कूटर चालवू नकोस, बसने जा.

थालीपिठाची भाजणी तुझ्या आईने दळून ठेवली आहे, कुणी तिकडे येणारं मिळालं की पाठवतो. दिवाळीला रजा मिळते का ते लवकर कळव. नागरकोविलहून पुण्याच्या गाडीचं तिकीट आताच काढावं लागेल, नंतर वेटिंगच मिळतं.

तुझा,
मामा