समोरच्याचा डेक

प्रिय निखिल,



तुझं पत्र मिळालं. नव्या कार्ड गेममध्ये कॉम्प्युटरच्या बाजूने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांचे डेक बांधायचं काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेल्या डेकच्या याद्याही नीट बघितल्या. डेक जोरदार आहेत. गेममधली महागडी, दुर्मिळ कार्डं प्रत्येकात ठासून भरलेली आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने हे पत्र लांबणार आहे.

हे काम हलकं समजू नकोस. चित्रं, संगीत, कथा यांचं कौतुक सगळे करतात. प्रतिस्पर्ध्याचा डेक कोणी बांधला हे कोणी विचारत नाही. पण घरात एकटं बसून खेळणाऱ्या मुलाला हा खेळ समजावून सांगणारं दुसरं कोण असतं? समोरचा डेकच त्याला शिकवतो. तालमीत वस्ताद पोराशी कुस्ती धरतो, तेव्हा त्याला आपटणं वस्तादाला मुळीच अवघड नसतं. तरी तो एकच डाव पुन्हा पुन्हा टाकतो, पोराला त्याची तोड सापडेपर्यंत. कॉम्प्युटरचा डेक तसा बांधायचा. खेळणाऱ्याने त्याच्याकडून एक गोष्ट शिकावी आणि ती शिकला म्हणून जिंकावं.

याचा सर्वांत चांगला नमुना मला माहीत आहे तो गेमबॉयवरचा ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम’. जपानमध्ये तो 1998 च्या डिसेंबरात आला आणि अमेरिकेत 2000 साली. त्यात आठ क्लब आहेत, प्रत्येकाचा एक मास्टर आहे आणि प्रत्येकाच्या हातात आधीच ठरवून दिलेला साठ पानांचा डेक आहे. डेकना नावंसुद्धा आहेत. वॉटर क्लबच्या एमीच्या डेकचं नाव ‘गो गो रेन डान्स’. हा डेक तू समोर ठेवून अभ्यास कर, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

त्या खेळात हल्ल्यासाठी एनर्जी कार्डं लागतात आणि एका पाळीत एकच लावता येतं. सगळा खेळ या एका बंधनावर उभा आहे. ब्लास्टॉइझ या पोकेमॉनच्या अंगी मात्र ‘रेन डान्स’ नावाची शक्ती आहे: आपल्या पाण्याच्या पोकेमॉनना एका पाळीत हवी तेवढी पाण्याची एनर्जी लावता येते. एमीचा ब्लास्टॉइझ मैदानात आला की नियमच बदलल्यासारखं होतं. काल जे हल्ले चार पाळ्या दूर होते ते आत्ता अंगावर येतात. पहिल्यांदा खेळणारा हरतो. पण का हरलो ते त्याला स्पष्ट दिसतं, कारण त्या डेकमध्ये दुसरं काही लपवलेलं नाही. मग त्याच्या डोक्यात चक्र सुरू होतं. ब्लास्टॉइझ एकदम येत नाही. आधी स्क्वर्टल, मग वॉर्टॉर्टल आणि मग तो. स्क्वर्टलला जेमतेम 40 जीव. ‘गस्ट ऑफ विंड’ हे कार्ड टाकून मागच्या ओळीतला स्क्वर्टल पुढे ओढला आणि तिथेच बाद केला, तर पाऊस पडणारच नाही! किंवा विजेचे पोकेमॉन घेऊन जावं, कारण ब्लास्टॉइझ विजेपुढे कमजोर आहे. मुलगा घरी येतो, डेक उलगडतो, चार कार्डं काढतो, चार घालतो. डेक बांधायला तो त्या क्षणी शिकतो, आणि ते त्याला एमीच्या डेकने शिकवलेलं असतं.

आता तुझा अग्नीचा डेक बघ. त्यात पाच वेगवेगळ्या युक्त्या आहेत आणि प्रत्येकीची एक-दोन कार्डं. साठ पानांतलं एकच पान पहिल्या सात पानांच्या हातात यायची शक्यता 12 टक्क्यांहूनही कमी असते. चार प्रती घातल्यास पहिल्या हातात ती सुमारे 40 टक्के होते आणि बारा पानं पाहून होईपर्यंत 60 टक्के. खेळणारा तुझ्या प्रतिस्पर्ध्याला बहुधा एकदा किंवा दोनदाच भेटणार. तेवढ्यात त्या डेकचा स्वभाव दिसायला हवा ना? म्हणून एकच युक्ती ठेव, तिच्या कार्डाच्या चार प्रती घाल आणि बाकीची पानं तिच्या सेवेला लाव.

दुसरी गोष्ट, हा डेक खेळणार आहे ते यंत्र. तू स्वतः खेळलास तर तुझा जादूगाराचा डेक छान चालेल, कारण हातातलं पान तीन पाळ्या राखून ठेवायची समज तुला आहे. तुमच्या कॉम्प्युटरला ती नसेल तर तेच उत्तम पान तो पहिल्या पाळीत फुकट घालवेल आणि बघणाऱ्याला तो मूर्ख वाटेल. मूर्ख प्रतिस्पर्ध्याला हरवण्यात कसला आनंद! हौशी मंडळींनी त्या गेमबॉयच्या गेमचा कोड उलगडून ठेवलेला आहे. त्यात दिसतं की साध्या प्रतिस्पर्ध्यांसाठी एकच सामाईक डोकं आहे, पण एमीच्या डेकसाठी रेन डान्सची एनर्जी कशी लावायची याची वेगळी सूचना लिहिलेली आहे. डेक बांधणारा आणि कोड लिहिणारा शेजारी बसल्याशिवाय हे होत नाही. तूही तुमच्या प्रोग्रामरजवळ जाऊन बस. तो म्हणाला, हे कार्ड यंत्राला नीट खेळता येणार नाही, तर वाद न घालता ते काढून टाक.

त्याच कोडमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर मी बराच विचार केला आहे. क्लबचे मास्टर आणि त्यांच्यासारखे मोठे प्रतिस्पर्धी यांची पानं पूर्ण प्रामाणिकपणे पिसलेली नसतात. त्यांच्या पहिल्या हातात निदान दोन बेसिक पोकेमॉन आणि दोन एनर्जी येतील, अशी तजवीज केलेली असते. शिवाय त्यांची काही महत्त्वाची पानं प्राइझ म्हणून बाजूला काढलेल्या पानांत अडकू नयेत, हेही पाहिलेलं असतं. ही लबाडी आहे का? माझ्या मते नाही. मुलगा इतका प्रवास करून मास्टरसमोर उभा राहिला आणि मास्टरच्या हातात काहीच आलं नाही म्हणून सामना दोन मिनिटांत संपला, तर फसवणूक त्या मुलाची होते. सुरुवातीपुरता हा हात दिलास तर बिनधास्त दे. पण सामना सुरू झाल्यावर मुलाच्या हातात काय आहे ते पाहून यंत्राला पुढचं पान निवडू देऊ नकोस. तिथे मी तुला कधीच होकार देणार नाही. पानं पिसली म्हणजे पिसली, हा भरवसा एकदा गेला की पुढच्या प्रत्येक पराभवावर संशय येतो.

उघड उघड असमान सामना चालतो, बरं का. ‘हार्थस्टोन’ या कार्ड गेमच्या 2014 च्या ‘नॅक्सरामस’ या भागात बॉसना अशा शक्ती आहेत ज्या खेळणाऱ्याला कधीच मिळत नाहीत, पॅचवर्क तर आपल्या हीरो पॉवरने समोरचा मिनियन, म्हणजे मैदानात उतरवलेलं पात्र, सरळ नष्टच करतो. पण ती शक्ती पटावर लिहिलेली असते. वाचून तयारी करता येते, म्हणून राग येत नाही.

प्रतिस्पर्धी सोपा करायचा झाला तर त्याच्या डेकमध्ये कचरा भरू नकोस. तुझ्या पहिल्या गावातले तिन्ही डेक मला तसे वाटले. पोकेमॉनच्या त्या गेममध्ये लहान प्रतिस्पर्ध्यांशी खेळताना जिंकण्यासाठी घ्यावी लागणारी प्राइझची पानंच कमी मांडतात, त्यामुळे सामना आटोपशीर होतो आणि डेकचा स्वभाव शाबूत राहतो. कमजोर डेकला एक समजण्याजोगी खोट असू दे. एनर्जी कमी पडते, किंवा एकाच जातीवर सगळी भिस्त आहे, असं काहीतरी, जे नवख्याला बघून कळेल आणि स्वतःच्या डेकमध्ये टाळता येईल.

माणसंही डेकमधूनच उभी राहतात. त्या गेममधला रोनाल्ड हा नायकाचा प्रतिस्पर्धी मित्र पुन्हा पुन्हा भेटतो, दर टप्प्यावर नवा डेक घेऊन: आधी ‘आयॅम रोनाल्ड!’, मग ‘पॉवरफुल’, मग ‘इन्व्हिन्सिबल’ आणि शेवटी ‘लेजेंडरी’. संवाद वगळले तरी त्याची वाढ पानांत वाचता येते. आणि इमाकुनी नावाचा एक विचित्र प्राणी मधूनच एखाद्या क्लबात उगवतो. त्याच्या नावाचं कार्ड टाकणाऱ्याचाच पोकेमॉन गोंधळात पडतो. असा एखादा गमतीचा डेक तुझ्या यादीत अजिबात नाही. तो जरूर घाल, मुलांना मधे श्वास घ्यायला जागा मिळते. मायक्रोप्रोजच्या 1997 च्या ‘मॅजिक’ गेममध्ये शांदालार नावाच्या जगात हिंडणाऱ्या प्रत्येक शत्रूचा डेक त्याच्या रंगाला धरून असतो. शिवाय सामन्याला पान पणाला लागतं, त्यामुळे शत्रूच्या डेकमधलं चांगलं पान म्हणजे आपल्या आशेचं पान ठरतं. तुमच्या गेममध्ये जिंकल्यावर काय मिळतं ते तू लिहिलं नाहीस. जमलं तर ज्याच्याकडून हरलो त्याचंच एखादं पान जिंकल्यावर हाती येऊ दे.

डेक झाल्यावर ऑफिसातल्या लोकांना दाखवण्याआधी शेजारच्या एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला खेळायला दे आणि हरल्यावर फक्त विचार, कशामुळे हरलास? त्याने एका कार्डाचं नाव घेतलं तर डेक जमला. ‘पानंच आली नाहीत’ म्हणाला तर पुन्हा बांधायला घे.

अग्नीचा डेक आधी सुधार आणि यादी पाठव. प्रत्येक डेकच्या डोक्यावर, खेळणाऱ्याने यातून काय शिकायचं, ते एका ओळीत लिही. ती ओळ लिहिता येत नसेल त्या डेकबद्दल फोनवर बोलू. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. रात्रीची जागरणं कमी कर.

तुझी,
मावशी