तपासणीचा दिवस आणि बाकीचे दिवस

एखादी गोष्ट कोणी पाहणार आहे म्हणून नीट करणे आणि ती नीट असावी म्हणून नीट करणे, या दोहोंत फरक आहे हे कोणीही मान्य करील. तो नेमका कोठे पडतो हे सांगणे मात्र कठीण, कारण पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच दिसते. अलीकडे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एका जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने. हीरो होंडा सीडी १०० ही गाडी १९९५ साली नोंदलेली. इंदूर, देवास, उज्जैन या भागांतील आमची बरीचशी सरकारी भ्रमंती तिच्यावरच झाली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते व त्यासाठी वाहन निरीक्षकापुढे उभे करावे लागते. इंग्लंडात मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी परीक्षा असते. आपल्याकडे पहिली पंधरा वर्षे, प्रदूषणाचा दाखला सोडल्यास, कोणी काही विचारीत नाही. ही उदारता आम्हांस फारशी भूषणावह वाटत नाही.

तयारी म्हणाल तर ती कंटाळवाणी, पण शिकण्याजोगी असते. प्रथम मातीचे थर उतरवून चेसिस क्रमांक मोकळा करावयाचा, कारण त्यावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतात. येथे ओले फडके पुरते. काचपेपर मुळीच लावू नये, कारण अंक झिजले तर खाडाखोडीचा संशय येतो. मग हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे आणि पायाचा ब्रेक दाबताच लागणारा मागचा दिवा. पुढचे चाक अधांतरी धरून हँडल दोन्ही बाजूंस न अडखळता फिरते की नाही हे पाहावयाचे. फोर्क पुढे-मागे हलवून पाहावा, खट् असा आवाज आला तर कोनसेट ढिला झाला असे समजावे. साखळीस थोडी ढील हवीच. अति ताणलेली साखळी टापटिपीची दिसते खरी, पण बेअरिंगांचा जीव घेते. टायरवरील नक्षीची खोली दुचाकीस किमान ०.८ मि.मी. असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे.

या तयारीच्या शेजारीच दुसरी एक तयारी चालते आणि ती सर्वांना ठाऊक असते. शेजाऱ्याचे टायर एका दिवसासाठी आणणे. आरसे सकाळी लावून सायंकाळी काढून ठेवणे. प्रदूषणाच्या दाखल्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या स्क्रूने मिश्रण तेवढ्यापुरते पातळ करणे व दाखला खिशात पडताच पूर्ववत करणे. १ एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. यंत्राच्या पडद्यावर त्याहून कमी आकडा येतो आणि तो आकडा खोटाही नसतो. त्या क्षणी तो खराच असतो. आम्हांस विचार करावयास लावते ते हेच.

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांस हे दृश्य अपरिचित नाही. साहेबांचा दौरा ठरला की कुंड्यांना गेरू लागे, नोंदवह्यांतील मागील तीन महिन्यांचे रकाने दोन रात्रींत भरले जात आणि बंद घड्याळास सेल मिळे. परंतु आम्ही त्या धावपळीची सरसकट टवाळी करणार नाही. दौऱ्यामुळे कित्येक तुंबलेली प्रकरणे खरोखरच निकालात निघत आणि एखाद्या विधवेचे अडलेले पेन्शन मार्गी लागे. तारीख येते म्हणूनच माणूस हात चालवतो. दिवाळी नसती तर आपल्या माळ्यांवर काय काय साठले असते! जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या ग्रंथात अशा दुकानदाराचे उदाहरण दिले आहे, की जो अजाण गिऱ्हाइकासही वाजवी भावच लावतो, पण धंद्याच्या हितासाठी. कांटच्या मते ते कृत्य कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यापोटी केलेले नव्हे. कसोटी सूक्ष्म आहे, पण रस्त्यावर ती जरा अवघड जाते. नव्या टायरवर विसंबून चालणाऱ्यास मालकाचा हेतू काय करावयाचा आहे? आम्ही त्याहून ढोबळ कसोटी लावू. तपासणीसाठी जे बसविले ते सायंकाळी काढून घेतले की राहिले? उसने टायर परत जाते. दौऱ्यापायी मंजूर झालेले पेन्शन राहते.

येथवर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण मेकॅनिकने मागचे चाक उतरवून ड्रम उघडला, तेव्हा तो पुन्हा गुंतला. ब्रेक-शूजवरील लायनिंग झिजून बरेच पातळ झाले होते. ब्रेक लागत होता, दिवाही लागत होता. मेकॅनिक निर्विकारपणे म्हणाला, “साहब, पास तो हो जाएगी।” त्याचे म्हणणे खरे होते. येथे काही उसने आणलेले नव्हते, लपवाछपवीही नव्हती. निरीक्षक ड्रम उघडीत नाही, बाहेरून पाहतो. तो त्या दिवसापुरते सांगतो आणि कागद मात्र पाच वर्षे बोलत राहतो. मधल्या काळात ते लायनिंग संपणार हे जगात फक्त दोघांस ठाऊक.

अशा वेळी मौन हे असत्य ठरते काय? निरीक्षकाने विचारले नाही, म्हणून सांगितले नाही, असे म्हणता येते. पण कायदा येथे आमच्या अपेक्षेहून अधिक तत्त्वचिंतक निघाला. त्याच अधिनियमाच्या कलम १९० अन्वये, जो धोकादायक दोष चालकास माहीत आहे, किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, त्या दोषासह वाहन चालविणे हाच अपराध आहे. खिशात दाखला आहे की नाही हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. ‘कळला असता’ हे शब्द फार कठोर आहेत. ड्रम न उघडणाऱ्याचीही त्यांतून सुटका नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांस वार्षिक तपासणीतून सूट आहे, परंतु वाहन रस्त्यास योग्य ठेवण्याची मालकाची जबाबदारी तेथेही कायम आहे. परीक्षक गेला, जबाबदारी गेली नाही.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. पेन्शनरास ब्रेक-शूजचा खर्च जाणवत नाही. पहाटे कॅन लटकावून शहरात येणाऱ्या दूधवाल्यास टायरची जोडी म्हणजे कित्येक दिवसांची कमाई, आणि तपासणीच्या रांगेतील खोटी निराळीच. तो एका दिवसाचे टायर आणतो तेव्हा त्यास गीतेतील ‘मिथ्याचारी’ हा शब्द लावण्यास आमची जीभ रेटत नाही. तथापि शाळेच्या फाटकातून धावत निघालेल्या पोरास समोरून येणारी गाडी पेन्शनराची की दूधवाल्याची, हे समजत नाही, आणि थांबण्यास लागणारे अंतरही दोघांसाठी वेगळे नसते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांचा मेळ घालणे आम्हांस जमलेले नाही.

शूज बदलले. गाडी उत्तीर्ण झाली, निरीक्षकाने ड्रमकडे पाहिलेही नाही. प्रदूषणाचा दाखला दर सहा महिन्यांनी लागतोच, त्या दिवशी चाकही उतरवून पाहावे असे मेकॅनिकशी ठरले आहे. जुने शूज त्याने फेकले नव्हते, पुसून फळीवर ठेवले होते. कोणास तरी पास होण्यापुरते उपयोगी पडतील, असे त्याचे म्हणणे. आम्ही ते मागून घेऊन घरी आलो.