गाज आणि गाजावाजा

आपल्या भोपाळकर मराठी घरांतील मुले दोन भाषांत वाढतात आणि काही शब्द त्यांना दोन्हींकडून भेटतात. 'गाज' हा त्यांपैकी एक. मराठीत गाज म्हणजे समुद्राचा खोल, अखंड ध्वनी. हिंदीत गाज म्हणजे वीज, आणि 'गाज गिरना' म्हणजे अवचित संकट कोसळणे. दोन्हींचे मूळ 'गर्ज्' या संस्कृत धातूत आहे. एकाच गर्जनेतून हिंदीने क्षणाचा आघात उचलला, मराठीने न सरणारा नाद.

त्याच मुळापासून मराठीत 'गाजणे' आले. नाटक गाजते, सभा गाजते, खटलाही गाजतो. 'गाजावाजा' तर लोकांनी ऐकावे म्हणूनच केला जातो. श्रोत्यावाचून गाजणे संभवत नाही. समुद्राची गाज मात्र श्रोत्याची वाट पाहत नाही. किनाऱ्यावर जन्म काढलेल्याला ती बहुधा जाणवतही नाही. पालटली तरच तो कान देतो. जे अखंड आहे ते अखंड असल्यामुळेच ऐकू येईनासे व्हावे, हा या शब्दातला नैतिक पेच आहे.

तो पेच समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या शहरालाही चुकलेला नाही. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ती हिंदी अर्थाची गाज. पुढे प्रकरण जगभर गाजले. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड, २०१० चा न्यायालयीन निकाल, २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला हलवलेला ३३७ टन कचरा, अशा प्रत्येक प्रसंगी चर्चा उसळली आणि ओसरली. मधल्या वर्षांत वायुपीडितांच्या वस्त्यांतील धाप, खोकला, अधू दृष्टी चालूच राहिली. ही मराठी अर्थाची गाज.

तिची सवय होणे हा दोष म्हणावा काय? प्रत्येक वेदनेला सदैव जागे राहून कोणालाच जगता येणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण सवय हा कानाचा धर्म झाला. विवेकाला ती सबब पुरत नाही. ३ डिसेंबरच्या श्रद्धांजलीला जाणे योग्यच, तिथे गाजावाजाही हवा. मात्र जूनमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी, दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्याला 'आज श्वास कसा आहे?' असे विचारायला कोणतीही तिथी आठवण करून देत नाही. ते आपले आपणच आठवायचे असते.