दाराचा डोळा

आई गेली त्या वर्षी दिवाळीला आम्ही बहिणीकडे गेलो. निघण्याआधी मुलाने दारावर कॅमेरा बसवला, घरच्या वाय-फायला जोडला, त्याचे अ‍ॅप माझ्या मोबाइलवर घातले, आयता आलेला पासवर्ड बदलला आणि माणूस दिसला तरच सूचना यावी अशी व्यवस्था केली. एरवी जास्वंदीची फांदी हलली तरी फोन ओरडायचा!

न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने, दार न उघडता बाहेरचा माणूस पाहता यावा म्हणून असेच यंत्र योजले. १९६९ साली तिला व तिच्या पतीला त्याचे पेटंट मिळाले. एकट्या बाईच्या त्या भीतीला मी हसणार नाही.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी फोन वाजला. धडधडत्या छातीने पाहतो तो शेजारच्या काकू! आमच्या अंधाऱ्या उंबऱ्यावर त्यांनी पणती ठेवली, आईला नावाने हाक मारली आणि पदराआड रडल्या. मी फोन बंद करायला हवा होता. शेवटपर्यंत पाहिले. चोर पाहण्याचा हक्क मला आहेच. पण कोणी पाहत नाही या विश्वासाने ढाळलेले अश्रू?

घराची किल्ली नेहमीप्रमाणे काकूंपाशीच होती. कॅमेऱ्याचे मात्र त्यांना सांगितले नव्हते. अजूनही सांगितलेले नाही.