हळदीची रात्र आणि विकतची सफाई

छायाचित्र-संपादनाचे प्लगइन, म्हणजे फोटोशॉप किंवा लाइटरूम यांसारख्या मूळ सॉफ्टवेअरला जोडून एखादे ठरावीक काम झटपट उरकून देणारे पूरक सॉफ्टवेअर, पैसे मोजून घ्यावे की नाही, याचा निर्णय बहुधा जाहिरातीतील आधीच्या आणि नंतरच्या चित्रांची जोडी पाहून होतो. वास्तविक तो गिऱ्हाईक कोण, छपाई केवढी आणि लग्नसराईत हाताशी वेळ किती, यांवरून व्हायला हवा. मुरबाड तालुक्यातील धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाली. अशा गावातही दुकानातील कार्डयंत्राची उपयुक्तता जशी यंत्राच्या गुणांइतकीच समोरच्या गिऱ्हाइकाच्या खिशात कार्ड आहे का यावर ठरते, तशीच प्लगइनची उपयुक्तताही अल्बम हातात घेणाऱ्याला त्यातला फरक दिसतो का यावर ठरते.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात लग्नाइतकेच, किंबहुना काही घरांत त्याहून अधिक, महत्त्व हळदीच्या रात्रीला असते, आणि छायाचित्रकाराची खरी कसोटीही तेथेच लागते. मांडवातला उजेड अपुरा असल्याने कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवावी लागते आणि चित्रात नॉइज, म्हणजे व्यवसायात ज्याला ग्रेन म्हणतात तो रवाळपणा, उतरतो. हा रवाळपणा पुसणारी प्लगइन प्रभावी आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांची गरज जोखताना छायाचित्रकार पडद्यावर चित्र शंभर टक्के मोठे करून पाहतो आणि तेथेच हिशेब चुकतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील चित्रात सुमारे २ कोटी ४० लाख बिंदू असतात. करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ इंचांच्या शीटवर तेच चित्र ६ बाय ९ इंचांच्या चौकटीत बसवले, तर इंचाला ३०० ठिपके या दराने जेमतेम ४९ लाख बिंदू पुरतात. म्हणजे पाच बिंदूंचा मिळून एक बिंदू होतो आणि या सरासरीतच रवाळपणा निम्म्याहून कमी होतो. वधूवरांचे एकच चित्र पूर्ण शीटभर पसरायचे असेल, तर मात्र ६००० बिंदूंची रुंदी ३६ इंचांना अपुरी पडते आणि तेथे चांगल्या साधनाचा उपयोग खराच आहे. पण अशी पाने एका अल्बममध्ये किती असतात, हे मोजूनच खर्च करावा. त्यातही अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नॉइज काढण्याची सोय दिल्यामुळे, त्याची वर्गणी आधीच भरणाऱ्याला याच कामासाठी दुसरे प्लगइन घेण्याचे कारण पुष्कळ अंशी उरलेले नाही.

त्वचा नितळ करणाऱ्या प्लगइनविषयी आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पैशांचा नाही. अशी अनेक साधने रंगाच्या एका पट्ट्यावरून त्वचा ओळखतात आणि त्या पट्ट्यातला बारीक पोत सपाट करतात. हळदीने माखलेल्या चेहऱ्यावर गालाशी सुकत आलेला थर, कपाळावरून घामासोबत उतरलेला ओघळ, भुवईत अडकलेले कण, हाच त्या रात्रीचा दस्तऐवज असतो, आणि नेमका तोच या सफाईत पिवळट मेणासारखा गुळगुळीत होतो. शेतावर राबलेल्या आजीच्या सुरकुत्या आणि नातीचा गाल यांना एकच मात्रा लावणे हा तर त्या माणसांवर अन्याय आहे. काचेच्या निगेटिव्हच्या काळातही पेन्सिलीने रिटचिंग होत असे आणि त्यातही खुशामत असे. मात्र तो हात प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबत असे, कोणती रेघ ठेवायची हे ठरवत असे. प्लगइनमध्येही ती मात्रा कमी करता येते, पण शेकडो चित्रे एकदम निघत असताना ती कमी करायला कोणी थांबत नाही. गोरेपणा वाढवून देणाऱ्या तयार सेटिंगना तर कोणत्याही स्टुडिओत जागा असू नये.

विकत घेतलेले साधन कायम आपले राहील, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. निक कलेक्शन हा गाजलेला प्लगइनसंच एकेकाळी सुमारे ५०० डॉलरना मिळत असे. २०१२ मध्ये गूगलने निक सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, २०१३ मध्ये संचाची किंमत १४९ डॉलरवर आणली, मार्च २०१६ मध्ये तो विनामूल्य केला आणि पुढच्याच वर्षी त्यात यापुढे सुधारणा होणार नाहीत असे सांगितले. २०१७ मध्ये तो डीएक्सओ या फ्रेंच कंपनीकडे गेला आणि २०१८ पासून पुन्हा विकत मिळू लागला. या काळात संगणकाची प्रणाली बदलली की जुनी प्रत चालेलच याची हमी कोणाकडेही नव्हती. छायाचित्र-संपादनाचे जिम्प हे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडता येणारे जीमिक हे प्लगइन ही दोन्ही विनामूल्य आहेत. ती शिकायला वेळ लागतो, पण पावसाळ्यात ऑर्डरी नसताना तो वेळ असतो.

त्याच पावसाळ्यात बहुतेक कंपन्या देतात ती चाचणीची मुदत वापरावी, गेल्या हंगामातील सर्वांत वाईट उजेडातल्या हळदीची रॉ चित्रे, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ चित्रे, घ्यावीत आणि प्लगइन लावून व न लावता अशी एकच शीट दोनदा नेहमीच्या लॅबमधून छापून आणावी. निळ्या-लाल एलईडीत चेहऱ्यावरचा एखादा रंग मर्यादेपलीकडे गेलेला असेल, तर दोन्ही शीटमध्ये तो डाग तसाच राहिलेला दिसेल, कारण जो तपशील सेन्सरने टिपलाच नाही तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फार तर अंदाजाने भरते. तेव्हा प्लगइनसाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या फ्लॅशसाठी वापरावेत.