थापटण्याचा आवाज

तेरचे कुंभार संत गोरोबाकाका यांच्या दोन कथा धाराशिव जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असतात, आणि दोन्ही कानाच्या आहेत. एकीत काका माती तुडवताना विठ्ठलनामात असे बुडाले की पायाखाली आलेल्या स्वतःच्या लेकराचं रडणं त्यांना ऐकू आलं नाही. दुसरीत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं उचललं आणि जमलेल्या संतांची डोकी मडक्यासारखी ठोकून पाहिली. नामदेव कुरकुरले, म्हणून कच्चे ठरले. माणूस एकच, एकदा काही ऐकू न येणारा, एकदा नुसत्या आवाजावरून आतलं ओळखणारा. मग ऐकतं कोण, कान की मन?

बृहदारण्यक उपनिषद मनाच्या बाजूने कौल देतं. ‘लक्ष दुसरीकडे होतं, म्हणून ऐकलं नाही’ असं माणूस सहज बोलून जातो, त्या साध्या बोलण्याचाच ते दाखला घेतं.

हा दाखला कळंब-उमरग्याहून पुण्याला इंग्रजीतल्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींच्या रोजच्या अनुभवातला आहे. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. पण ती फळ्यावरून आणि पुस्तकातून, म्हणजे डोळ्यांच्या वाटेने आली. कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू डू’ हे पाठ असलेलं वाक्य फोनवर ‘व्हॉड्यू वॉना डू’ होऊन येतं. मुलगी पहिला तुकडा मनात मराठीत आणू लागते, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. तिचा कान धड आहे, शब्दही तिला येतात. मन मात्र मागच्या शब्दापाशी उभं असतं.

याला समोरच्याची घाई म्हणणंही बरोबर नाही. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ असं विचारलं की परमुलखातला पाहुणा क्षणभर अडखळतो. गावात ते कुणालाच भरभर वाटत नाही. इंग्रजीत एवढंच जास्त आहे की वाक्यातल्या मोजक्या अक्षरांवर जोर पडतो आणि उरलेली अक्षरं गिळली जातात. मराठी कान प्रत्येक अक्षराचं माप पुरतं मिळण्याला सरावलेला असतो, म्हणून तो गिळलेलं शोधत बसतो.

जुळलेल्या ध्वनींतून शब्द सोडवण्याचा खटाटोप या देशात फार जुना आहे. ऋग्वेदाच्या संहितापाठात शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात. शाकल्याच्या पदपाठात ते सुटे झाले, आणि क्रमपाठात दोन-दोन करून पुन्हा जोडले गेले. इंग्रजी ऐकण्याच्या सरावाची याहून चांगली रीत सापडणं कठीण आहे. अर्ध्या मिनिटाचं बोलणं घ्यावं, ऐकू आलं तेवढं लिहावं, मग छापील मजकुराशी ताडून नेमकं कुठे निसटलं ते पाहावं. शेवटी कागद बाजूला ठेवून तेच बोलणाऱ्याच्या पाठोपाठ म्हणावं. कीर्तनात टाळकरी हेच करतात: बुवांचं ध्रुपद कानी पडताच ते उचलतात, आणि तोंडाने गात असतानाच कान पुढच्या शब्दाकडे ठेवतात.

रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणाने केला, आणि सातव्या दशकात त्याच विषयाला पुन्हा दोन समास दिले. ऐकण्याजोग्या गोष्टींची लांबलचक यादी देऊन ते सांगतात की ऐकावं सगळं, पण घ्यावं ते सार. ‘ऑफ’, ‘टू’, ‘द’ असे शब्द हातून सुटू देण्याचं धैर्य नवशिक्याजवळ नसतं. एक अनोळखी शब्द आला की तो त्यालाच धरून बसतो, आणि इथे गोरोबाकाकांची पहिली कथा वेगळीच भासू लागते. परंपरेने तिच्यात तल्लीनता पाहिली आणि पुढे लेकरू परत मिळाल्याचंही सांगितलं. तरी ते न ऐकलेलं रडणं कथेतून पुसलं जात नाही. एकाच गोष्टीत गढलेलं मन बाकीच्याला बहिरं होतं. मग ती गोष्ट साक्षात विठ्ठलाचं नाव असो की फोनवरचा एखादा शब्द. श्रवणाला लागतं ते अवधान, आणि ते तल्लीनतेहून निराळं आहे. त्यात मन जागं असतं आणि मोकळंही.

चैत्र वद्य त्रयोदशीला, काकांच्या समाधीच्या तिथीला, तेरणेकाठच्या त्यांच्या मंदिरात कीर्तनं रंगतात. अशा कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला एखादं पोर उभं असतं. अभंगाचा अर्थ त्याला अजून लागलेला नसतो, शब्दही अर्धेच येतात. आधी त्याचा टाळ मागे पडतो. मग कधीतरी ते टाळाकडे बघायचं सोडतं आणि शेजारच्यांच्या लयीत मिसळतं.