कामतांची स्पेलिंगं

कामत हे आडनाव रोमन लिपीत लिहायची वेळ आली की त्याला वाटा फुटतात. मुंबई-पुण्याचे कामत शेवटी नुसता टी लिहितात. मंगळूर-उडुपीकडचे त्याला एच जोडतात. कोचीत एच तर असतोच, शिवाय मधला एमही दोनदा येतो. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याच्या दप्तरांत हेच आडनाव सी, ए, एम, ओ, टी, आय, एम असं उतरलं आहे. वंशावळ जुळवायला बसलेली माणसं यांतलं खरं कोणतं आणि चुकलेलं कोणतं, असं विचारतात. माझ्या मते तो प्रश्नच सोडून द्यावा. यांतलं प्रत्येक रूप आपापल्या जागी बरोबर आहे आणि कुटुंब कोणत्या मुलखात, कोणाच्या राज्यात राहिलं याचा तो लेखी पुरावा आहे.

सर्वांत परकं वाटतं ते पोर्तुगीज रूप. ते ऐकू येतं ‘कामोतीं’सारखं आणि कारकुनाने मनाला येईल तसं लिहिलं असावं असं वाटतं, पण त्यामागे नियम आहे. पोर्तुगीज लेखनात के जवळजवळ नव्हताच, म्हणून ‘का’साठी सी आला. कोकणीतला ‘अ’ ओकाराकडे झुकतो, म्हणून मध्ये ओ. पर्वरी गावाच्या स्पेलिंगात आणि प्रभूंच्या ‘पोरोबो’मध्येही तोच ओ आहे. शेवटचा एम म्हणजे नाकातला उच्चार. पणजी, कुठ्ठाळी, बाणावली या सगळ्यांच्या पोर्तुगीज रूपांना तो चिकटलेला आहे. दक्षिणेकडच्या एचचा उलगडा याहून सोपा आहे. तिकडे रोमनमध्ये टी हा ‘ट’साठी राखून ठेवतात आणि ‘त’ लिहायला टीएच घेतात. आपण मराठी लोक दोन्हींसाठी टीच वापरतो.

1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतलं. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, त्याच वर्षी कुठ्ठाळीचा देव मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेण्यात आला आणि 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. त्या काळात आणि पुढेही कामतांसारखी अनेक सारस्वत कुटुंबं कानडी मुलखात आणि केरळात गेली. जाताना त्यांनी रोमन स्पेलिंग नेलं नव्हतं. कोचीच्या रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट यांनी ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या वनस्पतिग्रंथासाठी 1675 साली दिलेला दाखला नागरी लिपीत आहे. म्हणजे आज आपण ज्या एचवरून घराणी वेगळी मानतो, तो नंतरच्या राजवटीतला आहे. त्यावरून भाऊबंदकी ठरवणं चूक आहे.

तितकीच मोठी चूक नाव जुळलं म्हणून नातं जोडण्याची. कन्नडात ‘कमत’ म्हणजे शेती. अशा शब्दांवरून आडनावं ठिकठिकाणी स्वतंत्रपणे तयार होऊ शकतात. मिथिलेतही कामत आहेत. त्यांना गोव्याशी जोडायला काही आधार नाही. नुसत्या आडनावावर भरवसा ठेवता येत नाही, त्याला मूळ गाव आणि कुलदेवतेची जोड लागते. गोव्यातल्या देवस्थानांकडे महाजनांच्या आणि कुळाव्यांच्या, म्हणजे देवळाशी परंपरेने बांधलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात. महाजनीसंबंधी सरकारी नियम 1886 साली झाले, त्यामुळे त्यानंतरच्या कागदांत पोर्तुगीज रूपं भेटणारच. पणजीचं पुराभिलेखागार तर 1595 चं, दियोगु दु कोउतु या इतिहासकाराच्या हाताखाली सुरू झालेलं. तिथे फक्त के अक्षराखाली शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल.

1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यावर गोव्यातल्या कित्येक घरांनी सी टाकून के घेतला. नाव-आडनाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. परक्या राज्यकर्त्याने वाकवलेलं नाव सरळ करून घेण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण आजचा संगणक बापाचं आणि मुलाचं आडनाव अक्षर न् अक्षर जुळलेलं मागतो. वारसाहक्काच्या कामात किंवा 19 डिसेंबर 1961 पूर्वीचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवताना आजोबांचा सी आणि नातवाचा के समोरासमोर येतात. मग प्रतिज्ञापत्र होतं, नवा दाखला निघतो आणि जुना कागद अडगळीत जातो. नुकसान होतं ते इथे. कारण सी आणि के या दोन्हींना जोडणारा दुवा बहुतेक वेळा तेवढाच असतो.

म्हणून एक विनंती. आडनावाचं स्पेलिंग जरूर बदला, पण राजपत्रात आणि प्रतिज्ञापत्रात जुनं रूप पूर्ण लिहा आणि जुन्या दाखल्याची प्रत जपून ठेवा. वंशावळीत प्रत्येक माणसापुढे त्याच्या कागदावर होतं तेच स्पेलिंग, कागदाचं वर्ष, गाव आणि कुलदेवता नोंदवा. सगळ्यांची आडनावं एकसारखी करायचा मोह मात्र टाळा.